जावईबापूंची क्रेन

आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी रीत आहे. ही रीत ज्याने घातली त्याला एकदा भेटायचं आहे मला.

आईची बंगई, म्हणजे झोपाळा, सागाच्या एकाच फळीची, पलंगाएवढी. अमरावतीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला यायची तिची एकच अट होती. "बंगई वर जाईन, तवाच मी जाईन." आणि ती बिल्डिंगखाली खुर्ची टाकून बसली. फळी जिन्यात वळेना. मी आणि धाकट्या भावाने जोर लावला, तर फळीऐवजी माझी कंबर वळली आणि तशीच राहिली. शेवटी ट्रकवर बसवलेली क्रेन बोलावली.

तेवढ्यात अकोल्याहून जावईबापू आले. माझ्या बहिणीचे यजमान; तीही सोबत होती. पेशाने वकील, आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंच्या कृपेने बाकी सगळंच. समोर चांगला सिमेंटचा रस्ता होता. तिथली शेजाऱ्याची कार काढायला सांगायची, की झालं. पण विनंती करणं यांच्या रक्तात नाही. "गाडी बाजूच्या प्लॉटवर घ्या, तिथून अँगल बसतो!"

प्लॉट म्हणजे पावसाने भिजलेली काळी माती. गेलेली चप्पल परत न देणारी. भातकुलीच्या वावरात लहानाचे मोठे झालेलो आम्ही भाऊ, आम्हाला कळत नव्हतं थोडंच? पण मी पडलो मास्तर. वर्गात गरजायचं, जावयापुढे मान डोलवायची. आईनेही "चिखलात कावून?" एवढंच विचारून पदर सावरला. क्रेनवाल्याने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "तुमी म्हणसान तसं."

ट्रकने चारही लोखंडी पाय बाहेर काढून मातीवर रोवले. फळी वर निघाली, बाल्कनीच्या अगदी जवळ गेली, आणि मागचा एक पाय लोण्यात सुरी जावी तसा खाली उतरला. ट्रक कलला. फळी भिंतीवर आपटून हवेत गरगरू लागली.

"पुढचा पाय अजून बाहेर घ्या!" हे अर्थात जावईबापू.

"जावईबापू," आई उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे थेट पाहिलं. "तुमी वर जाऊन पंख्याखाली बसा. खाली येऊ नका."

ते गेले. फळी कशीबशी खाली आली, एक कोपरा तेवढा उडाला. आईने स्वतः शेजाऱ्याचं दार वाजवलं, त्याने हसत कार काढली. ट्रक चिखलातून निघून रस्त्यावर लागला आणि फळी गुपचूप बाल्कनीत जाऊन उतरली.

वर गेलो, तर जावईबापू म्हणाले, "मी म्हणतच होतो, रस्त्यावरून घ्या."

आम्ही माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मीच.

बहीण चहाचा ट्रे घेऊन सवयीने नवऱ्याकडे वळली. आई अजून न टांगलेल्या फळीवर, जमिनीलगतच, मांडी घालून बसली होती.

"इकडे आण," ती म्हणाली. "पहिला कप मले."