विमानानं आलो अन् जीपनं अडवलं

दोस्तहो, आज कुरुंद्यात माझ्या ताईचं लग्न झालं. सुट्टी ऐनवेळी मिळाली, म्हणून जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो. अहमदाबाद ते नांदेड, दीड तासात खाली! रेल्वेनं आलो असतो तर पंगती उठल्या असत्या.

पण मी हिशोब निसता विमानाचा धरला होता. नांदेडहून वारंगा फाट्यावर आलो, तर कुरुंद्याचा जीपवाला म्हणे, "शिटं भरल्याबिगर गाडी हलत न्हाई."

"मामा, बहिणीच्या लग्नासाठी विमानानं आलोय!"

"मग थेट मांडवातच उतरायचं ना!"

जीप भरून निघेपर्यंत तिकडं मंगलाष्टका संपल्या. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. मी पोचलो न्हाई म्हणून चुलतभावाला उभं केलेलं. मी पळत मांडवात शिरलो, तर नवरदेव दोन्ही कान हातानं झाकून बसलेला!

"सख्खा साळा येऊन राहिला. तवर कान कोणालाच देणार न्हाई."

सगळा मांडव हसून राहिला. मी कान धरला, तशी ताई डोळे पुसत म्हणाली, "हळू पीळ रे, आता माझा माणूस हाय तो!"

असा दाजी तुमच्यात कोणाला भेटला का? सांगा बरं.