मोहिद्दीनची पाचर

आखातात, अल कूजच्या वर्कशॉपमध्ये मोहिद्दीननं सव्वीस वर्षं दारं, कपाटं आणि किचनची कॅबिनेट्स केली. तिथं लाकूड यायचं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फळ्यांच्या रूपात. त्यामुळे मॅनेजर राजननं हरणाच्या शिकारीसाठी झाडावर बसवायच्या मचाणाची ऑर्डर सांगितली, तेव्हा मोहिद्दीन हातातला रंधा खाली ठेवून उभाच राहिला.

ऑर्डर एका अरबाबाची, म्हणजे बड्या अरब शेठची होती. हंगेरीत त्याचं शिकारीचं रान होतं. "तिथल्या रेडीमेड मचाणावर त्याची पाठ धरते," राजन म्हणाला. "येतं का तुला?"

येत होतं. संगमेश्वरकडच्या गावात त्याचे वालिद रानडुकरांपासून पीक राखायला शेताच्या कडेच्या आंब्यावर मचाण बांधायचे आणि खालून दोर ओढायला मोहिद्दीन असायचा.

अरबाब स्वतः झाडाचा फोटो घेऊन आला. तो पाहून मोहिद्दीननं एवढंच विचारलं, "लावणार कोण?"

"तूच. माझ्याबरोबर चल. इन्शाल्ला," अरबाब म्हणाला.

बायकोनं, जैनबनं, तिथल्या थंडीसाठी ऐन जूनमध्ये मीना बाजारातून जाड लोकरीचा स्वेटर आणला. दुकानदार हसला म्हणे. धाकटी सफा म्हणाली, "अब्बा, सेल्फी विथ डिअर, ओके?"

मोहिद्दीननं सागवानी सांगाडा केला. सगळे भाग सुटे, प्रत्येक सांध्यावर नंबर. फक्त खोड आणि चौकट यांच्यामधल्या दोन पाचरी केल्या नाहीत. कुठलंच खोड नीट गोल नसतं. पाचर झाडाला लावून पाहायची, तासायची, परत लावायची, असं वालिद सांगायचे. ते खरंच होतं. पण अरबाबांचं इन्शाल्लाही त्यानं सव्वीस वर्षं ऐकलं होतं. पाचर बाकी असली की माणूस न्यावाच लागतो. हे त्यानं जैनबलासुद्धा सांगितलं नाही.

शनिवारी उझैर त्याला न्यायला आला. हा थोरला, मेकॅनिकल इंजिनियर. डिस्कव्हरी गार्डन्समधला त्यांचा फ्लॅट त्याच्याच पगारावर चालायचा. उभ्या सांगाड्याभोवती फिरून त्यानं विचारलं, "अब्बा, इथं गॅप का ठेवलाय?"

"तिथं जाऊन पाचर मारायची."

"या वयात झाडावर चढून?"

"चढेन की."

उझैरनं मोबाईल काढून मापं टिपून घेतली.

आठवड्यानं तो दोन स्टीलचे स्क्रू घेऊन आला. टोकाला रबर लावलेल्या रुंद चकत्या. "ॲडजस्टेबल आहेत अब्बा. कुठल्याही खोडाला बसतील. तुमचं टेन्शन खलास."

मोहिद्दीननं स्क्रू फिरवून पाहिले. आटे तपासले, रबर दाबलं, खोट शोधली. सापडली नाही. राजन तर खूश झाला. "मोहिद्दीनभाई, पोरगा तुझ्या वरचढ निघाला."

पोराला सांगणार तरी काय? त्याला इंजिनियर करायलाच तर रान सोडलं होतं.

अरबाबाचा निरोप आला: आता म्हाताऱ्याला त्रास नको, तिथला माणूस बसवेल.

ऑक्टोबरात फोटो आला. मचाणावर अरबाब, मांडीवर बंदूक. मोहिद्दीननं बोटांनी फोटो मोठा केला, माणूस सरकवून बाजूला टाकला आणि खोडापाशी थांबला. चकत्या सालीला चपखल बसल्या होत्या. मागं ओली, काळपट झाडं होती, दूरवर.

"बघा, लेव्हल परफेक्ट आहे की नाही?" उझैर म्हणाला.

"आहे."

मोहिद्दीन उठला, कपाटातून स्वेटरची पिशवी काढून आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. "तुझ्या ऑफिसात एसी फार असतो म्हणतोस ना. हा घालत जा."

"अहो, तो तुमचा..." जैनब म्हणाली.

उझैरनं तिथंच स्वेटर घालून पाहिला. खांद्यात बरोबर बसला.