ढोलावरची चादर

समोरच्या मैदानात रविवारची प्रार्थना चालू आहे. पांढरे फेटे बांधलेली माणसं अनवाणी गोल करून उभी आहेत. ढोल वाजतोय, पण त्याच्यावर जाड चादर टाकलीय. उशीत तोंड खुपसून कुणी रडावं, तसा आवाज येतोय.

ती चादर माझ्यामुळे आली. बदली होऊन नैरोबीत आलो आणि महिन्याभरातच मी तक्रार केली, की रविवारी झोप होत नाही. पुण्यात गणपतीत सात वर्षं ढोल बडवलेला मी!

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या वांजिरूबाई त्याच पंथातल्या. काल भाजी चिरताना म्हणाल्या, "गोऱ्या पाद्र्यांना प्रार्थनेत ढोल नको होता. म्हणून आजोबांनी त्यांचं चर्च सोडलं, रानात जाऊन आपलं मांडलं. सरकारनं तुरुंगात टाकलं, तरी ढोल थांबला नाही."

"मग आता चादर का?" मी साळसूदपणे विचारलं.

"शेजाऱ्याला त्रास होतो ना, साहेब."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र तिथं उभं राहवेना.

म्हणून आज मी खिडकी सताड उघडली आणि तिथंच उभा राहिलो. ढोलवाल्यानं मला पाहिलं. वाजवता वाजवता तो थांबला, आणि चादरीची आणखी एक घडी घातली.