अडसराची खाच

कंपनी सरकारच्या लढायांवर मी तीस वर्षं लिहितेय. तोफा, वेढे, कत्तली यांवर कोल्हापुरातल्या घरी पंख्याखाली बसून पानंच्या पानं भरली, पण भीती कधी वाटली नाही. ती वाटली गेल्या दसऱ्याला, जोतिबाच्या पलीकडच्या एका गावात.

गावाच्या डोक्यावर लहानसा गड आहे. पहिल्याच पुस्तकात मी लिहिलं होतं, की पहारेकऱ्याने आतून दरवाजा उघडला आणि गोरी फौज आत शिरली. पुरावा काय, तर त्या फौजेच्या कप्तानाचं पत्र. पहारा कुणाच्या पूर्वजाचा होता, हे गावाला पाठ होतं. दसऱ्याला आपट्यावर पहिला घाव घालायचा मान त्याच घराचा. पुस्तक आलं आणि गावाने तो मान काढून घेतला. त्या घरचे आजोबा एकदा माझ्याकडे आले होते. मी चहा पाजला, पत्राची प्रत दाखवली आणि वाटेला लावलं.

नव्या आवृत्तीसाठी फोटो हवा होता, म्हणून गेल्या भादव्यात मी तो गड चढले. पहिल्यांदाच. गुडघ्यांना कशाला दोष देऊ? कागदांचा माज होता. दरवाजामागे भिंतीत अडसर, म्हणजे दार आतून बंद करायचा आडवा वासा, सरकवायची खाच असते. तिची आतली कड फुटून उडाली होती, दगड काळा पडला होता. अडसर काढलेला असता तर भिंत कशाला फुटेल? दरवाजा बंदच होता, बाहेरून दारूने उडवला होता. स्वतःच्या फौजेची किती माणसं पडली हे झाकायला कप्तान बहुधा खोटं लिहून गेला, आणि मी त्याची री ओढली.

दसऱ्याला गावासमोर हे सांगायचं ठरवलं. मार बसेल याची भीती होती. सगळ्यांसमोर ‘चुकले’ म्हणायची त्याहून जास्त.

आपट्याजवळ सरपंचांनी माइक दिला. कसंबसं सगळं सांगितलं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “मग इतकी वर्सं आमी म्हाताऱ्याला उगाच मागं हुबं केलं व्हय?”

सरपंचांनी कोयता आजोबांपुढे धरला. तो घेऊन ते आधी माझ्याकडेच आले. मी दोन पावलं मागे सरले.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “त्योच दगूड दावायला मी तुमास्नी न्ह्यायला आलतो की. तुमी म्हनलासा, कागद हाय का?”

मग त्यांनी वळून आपट्यावर घाव घातला. सोनं वाटलं, मलाही दिलं.

घरी येऊन कपाट उघडलं. माझी आणखी पाच पुस्तकं तिथं आहेत. त्यांतल्या एकाही गडावर मी चढलेली नाही.