मावशींच्या हातचा भात

ठकीच्या आईचा सगळा दिवस मुलीला चार घास भरवण्यात जायचा. भातात गाजर कुस्करून दिलं, तर ठकी तोंड घट्ट मिटायची. रंग शिकवायला घेतले, तर लाल वाटीलाही "निळी" म्हणायची. आणि समोरच्या शिवणकामवाल्या मावशींकडे गेली, की हीच पोरगी तोच भात बोटं चाटत संपवायची. वर मावशी सांगायच्या, "किती शहाणी आहे गं ही. सगळे रंग ओळखते."

ते ऐकून आईच्या पोटात दुखायचं. "घसा कोरडा करायचा मी आणि कौतुक मावशींचं," असं नवऱ्याला सुनावून तिने ठकीला तिकडे पाठवणंच बंद केलं. ठकीने मग घरातलं उरलंसुरलं खाणंही सोडलं.

शेवटी नाक मुठीत धरून आई मुलीला घेऊन मावशींच्या दारात उभी राहिली. मावशींनी मशीन थांबवलं आणि भात वाढला. ठकीने त्यातला गाजराचा तुकडा उचलून मावशींच्या तोंडाशी धरला.

"लाल गाजर. फुंकर मार. हळू चाव हं, बाळा."

बोलत होती ठकी, पण शब्द आईचे होते, सूरही आईचाच.

"यायची तेव्हा रोज मला असंच भरवायची," मावशी हसून म्हणाल्या. "कुणाकडून शिकली ते कळतंच."

आईला बरं वाटलं, पण जळफळाट काही गेला नाही. "आणि मला गं?" तिने विचारलं.

ठकीने दुसरा तुकडा उचलला, आईकडे नीट पाहिलं आणि तो स्वतःच खाऊन टाकला.