जाऊबाईंच्या गाडीतला धप्प

आमच्या मोठ्या जाऊबाई बायकांना गाडी चालवायला शिकवतात. एकच जुनी गाडी, आणि तिच्यावर शिकून गेलेल्या बायकांची ही रांग. नाकावर माशी बसू देत नाहीत. शिकाऊ बाईच्या शेजारी बसल्या की त्यांची पापणी लवत नाही आणि तोंडाचा पट्टाही थांबत नाही. "आरसा नटायला नाही दिलेला, मागे बघ!" मी धाकटी जाऊ, पण मला सूट नाही. उलट घरची म्हणून दोन शिव्या जास्तच.

त्यांची शिकवायची एक खास रीत होती. क्लचवरचा पाय हळूहळू उचलायचा, पुढून 'धप्प' असा आवाज आला की गाडीनं पकड घेतली समजायचं आणि मग ॲक्सिलरेटर द्यायचा. कानाला सोपं, डोक्याला ताप नाही. सगळ्याजणी तो धप्प ऐकूनच शिकल्या आणि पासही झाल्या, कारण तेव्हा परीक्षा ज्याच्या त्याच्या गाडीत असायची.

मग परवाना कार्यालयानं परीक्षेसाठी स्वतःची गाडी ठेवली आणि जाऊबाईंचे ग्रह फिरले. त्यांच्या बायका चढावर गाडी बंद पाडू लागल्या. आधी शिंपीणबाई नापास, मग दवाखान्यातली नर्स, मग बँकेतली. पुढच्या चौकात चकचकीत गाड्यांचा नवा क्लास निघालेलाच होता, लोक तिकडे वळले. मोठे भावजी तर भंगारवाल्याशी बोलूनही आले.

जाऊबाई मला म्हणाल्या, "तुझी परीक्षा होऊ दे. घरचीच नापास झाली तर मी पाटी उतरवते."

मी नापास झाले. चढावर पाय उचलत उचलत धप्पची वाट बघत राहिले, तो आलाच नाही. पाय पार वर आला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागे घरंगळली. परीक्षक साहेबांनी एकच शब्द उच्चारला, "उतरा."

"ताई, त्यांच्याच गाडीत काहीतरी गडबड आहे," मी रडवेली होऊन म्हटलं. "धप्प झालंच नाही!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" जाऊबाई कडाडल्या.

पण घरी येताना त्या दर सिग्नलला क्लच सोडताना कान देऊन तो धप्प ऐकत होत्या. दारात गाडी लावून त्यांनी बॉनेट उघडलं. "ब्रेक दाबून धर, पहिला गिअर टाक आणि क्लच सोडत ये," म्हणाल्या. मी सोडत आले तसं अख्खं इंजिन एका अंगानं उचललं गेलं आणि धप्पकन खाली बसलं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगांवर बसतं, त्यातलं एक पार फाटलं होतं. दुरुस्त गाडी असला आवाज करतच नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या कानांना त्याची अशी सवय झाली होती, की हा बिघाड आहे हेच त्या विसरल्या होत्या.

जाऊबाई पायरीवर बसल्या. "मी तुम्हाला गाडी शिकवलीच नाही गं. गाडीचं दुखणं शिकवलं." त्यांचे डोळे भरलेले मी कधी पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र बाई पदर खोचून गॅरेजात हजर! मिस्त्री म्हणाला, "फाटलंय तेवढंच बदलू."

"आणि उरलेल्या दोन म्हाताऱ्यांनी नव्याच्या जिवावर बसायचं? महिन्यात त्यालाही म्हातारं करतील. तिन्ही बदल."

त्यानं एक कडक माउंटिंग पुढे केलं. शर्यतीवाली पोरं बसवतात, जन्मभर टिकेल म्हणाला. जाऊबाईंनी त्यात नख रुतवून बघितलं. रुतलं नाही. "टिकेल रे, पण इंजिनाचा सगळा हादरा माझ्या बायकांच्या पाठीत जाईल. त्या आधीच घाबरलेल्या असतात." दुसरं स्वस्तातलं होतं, त्याचं रबर लोखंडापासून कडेला सुटत होतं. ते त्यांनी तसंच परत केलं. तिसरं गाडीच्या कंपनीचं, जुन्यासारखंच मऊ, पण भरीव. "हे."

मिस्त्रीनं इंजिनाखाली फळी घालून जॅक लावला आणि बोल्ट सोडले. फाटकं माउंटिंग दोन तुकड्यांत हातात आलं. नवी बसवल्यावर त्यानं बोल्ट सैलच ठेवले, जॅक काढला, इंजिन थोडं चालवून आपल्या जागी बसू दिलं, आणि मगच आवळले. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि पुन्हा फाटतं.

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून स्टिअरिंगवर हात ठेवला तर मला वाटलं बंदच आहे. जाऊबाई मोठ्या दिमाखात निघाल्या आणि गॅरेजच्या फाटकातच त्यांनी गाडी बंद पाडली! मिस्त्री तोंड फिरवून हसला, मी मात्र पोट धरून.

"हस, हस! आता दोघी मिळून पहिलीत बसू."

आणि खरंच बसलो. पकड घेताना इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडीचं नाक बोटभर वर येतं. आधी त्या स्वतः शिकल्या, मग मला शिकवलं. मग नापास झालेल्या एकेकीच्या दारात गेल्या आणि "चूक माझी होती, पुन्हा ये, फुकट शिकवते," असं म्हणाल्या. कुणापुढे मान न वाकवणारी ही बाई! मला त्यांचा भारी अभिमान वाटला.

परीक्षेला तोच चढ, तेच साहेब, तेच एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. इंजिनाचा आवाज जड झाला, नाक उचललं, मी ब्रेक सोडला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली! साहेबांनी यावेळीही एकच शब्द उच्चारला, "पास." माझ्यामागून शिंपीणबाई पास, नर्स पास, बँकेतलीही पास! आम्ही त्या मैदानात असा गलका केला की पहारेकरी धावत आला.

जाऊबाईंनी तिथूनच भावजींना फोन लावला. "भंगारवाल्याला सांगा, तुझ्याजोगी तीन रबरं आहेत, ती घेऊन जा. गाडी कामावर आहे."

घरी येताना मी चालवत होते आणि त्या शेजारी. मला वाटलं, आता गिअरवरून ओरडतील, वळणावरून ओरडतील. हूं नाही की चूं नाही. सिग्नलला थांबल्यावर बघितलं, तर जाऊबाई मान टाकून गाढ झोपल्या होत्या. सिग्नल सुटला. मी घराचं वळण सोडून दिलं आणि लांबच्या रस्त्यानं गाडी नेली.