उघडायची नसते

"कोपरा बघू ने, वहिनी."

नमस्कार नाही, कसं काय नाही. दुकानाची पायरी चढता चढताच हात पुढे आणि तोंडात हे वाक्य. मग मी हुकावरून काढून दिलेलं खेळण्यातल्या गाडीचं पाकीट हे गृहस्थ डोळ्यांजवळ धरायचे आणि त्याच्या पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायचे. सावकाश. गाडीकडे बघायचे नाहीत, हे लक्षात घ्या. बोटभर लांबीची, धातूची, छान रंगवलेली गाडी आत प्लास्टिकच्या फुग्यात बसलेली असायची, पण तिच्याकडे ढुंकूनही नाही. सगळा जीव त्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात. कोपरा जरा मुडपलेला निघाला की यांचा चेहरा घरात कुणी आजारी पडल्यासारखा व्हायचा.

"दुसरी नाही?"

"नाही."

"मग राहू द्या. कार्ड खराब आहे."

इकडे गुजराती मुलखात, दांडिया बाजारात, आमचं स्टेशनरीचं आणि खेळण्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं. मिस्टरांना गल्ल्यावर बसायचा कंटाळा, म्हणून मी बसते. इतकी वर्षं बसून बसून मला माणसं कळायला लागली आहेत असं मी समजते, आणि सगळ्या गिऱ्हाइकांत जर कुणाला मी मनापासून तुच्छ मानलं असेल तर ते ह्या गृहस्थांना. नाव सांगत नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, त्याचं नाव घाला.

वय पन्नाशीच्या पुढे. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. राहायला नागरवाड्यात. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचे, म्हणजे लोकांनी घडवलेल्या वस्तूंना दिवसभर नापास करायचं हाच धंदा. कुणाशीही ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला "आमचे पणजोबा सरकारवाड्यात, महाराजांच्या पदरी होते" हे आलंच. पणजोबा सरकारवाड्यात आणि पणतू माझ्या दुकानात, जमिनीवर उकिडवा बसून खोक्यात डोकं घालून! मला तर पणजोबांचीच दया यायची.

नव्या गाड्यांचा माल शनिवारी सकाळी मांडवीकडून टेम्पोतून यायचा. एका खोक्यात अनेक गाड्या, त्यात एखाददुसरी दुर्मीळ. त्या खोक्याला ही मंडळी 'केस' म्हणतात. "वहिनी, केस आली ने?" असा फोन शुक्रवारपासून सुरू. शनिवारी हे समोरच्या सेवउसळवाल्याकडे प्लेट घेऊन उभे. टेम्पोचा हॉर्न वाजला की अर्धी सेवउसळ तिथेच टाकून रस्ता ओलांडून हजर. सेवउसळवाला मला म्हणायचा, "बेन, तुमच्या ह्या माणसाने एक दिवस तरी प्लेट संपवली तर मी पेढे वाटेन."

एकटे असते तर मी सहनही केलं असतं. पण त्यांच्यामागे मोबाईलवाली चार-पाच पोरंटोरंही यायची. ती विकणारी. सकाळी माझ्याकडून घ्यायची आणि दुपारी कुणाला तरी चढ्या भावाने खपवायची. ह्या सगळ्यांचं खोकं उपसून झालं की हुकांवर काय उरणार? एक रुग्णवाहिका आणि कुणालाच न आवडणारी एक जांभळी वस्तू, जी गाडी आहे की चप्पल ते कळत नसे. शाळा सुटल्यावर मुलं यायची, हुकांकडे बघायची आणि खोडरबर घेऊन जायची.

आमचे हे गृहस्थ विकत मात्र नसत. ते नुसते ठेवत. आणि आवडलेली गाडी लगेच घ्यायची नसेल तर ती दुसऱ्या वस्तूंच्या मागे दडवून जात, म्हणजे कुणाला दिसू नये. दिवाळीच्या आवराआवरीत मला राख्यांच्या खोक्यात एक केशरी स्पोर्ट्स कार सापडली. शिकलासवरलेला माणूस, राख्यांच्या खाली गाडी पुरून गेला होता!

एकदा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. त्यांची बायको बुटकीशी, मऊ बोलणारी. केस पांढरे व्हायला लागलेले, पण वेणी अजून कमरेच्या खाली. मी आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. दिवाणखान्याच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत पाकिटांनी मढवलेल्या. प्रत्येक पाकिटावर आणखी एक प्लास्टिकचं कव्हर. मुलाच्या लग्नाचा फोटोसुद्धा त्या गाड्यांनी रेटून रेटून दाराच्या वर नेऊन ठेवलेला. मुलगा बंगळुरूला असतो. आला की हॉटेलात उतरतो म्हणे, घरात गादी घालायला जागा नाही.

एका बाईंच्या नातीने सहज हात पुढे केला तर हे आतून ओरडत आले, "अं हं! उघडायची नसते!"

"अहो, ती नुसती बघतेय," त्या बाई म्हणाल्या.

"बघा ने, लांबून बघा."

बायकोने मला वाण दिलं आणि हळूच म्हणाली, "मी पण हात नाही लावत हं. झाडताना पदर खोचून घेते. एकदा पदर लागून एक पडली होती, तर कितीतरी दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. हवा गरम आहे असं सांगावं तसं सांगत होती. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला की तिळगूळ तिथेच ठेवून यावासा वाटला.

पण मी दुकानात एक नियम केला, तो दुसऱ्याच कारणाने. आमच्या गल्लीतली एक मुलगी कितीतरी शनिवार एका पिवळ्या स्कूलबससाठी येत होती. एकदाची बस आली. एकच. मुलगी आईचा हात धरून पायरी चढतेय, तेवढ्यात ह्यांनी हुकावरून बस काढली, चारी कोपऱ्यांवर अंगठा फिरवला आणि त्या मुलीला म्हणाले, "बाळ, ही खेळायची नाही हं." आणि घेऊन गेले. खेळण्याच्या दुकानात उभं राहून एक मोठा माणूस एका मुलीला सांगतो की हे खेळायचं नाही! मी त्या संध्याकाळी पाटी लिहून लावली: 'गाडीचं पाकीट काउंटरवर कापूनच मिळेल.'

तुम्हाला ह्यातली मेख कळली असेल. पाकीट कापलं की ह्या लोकांच्या लेखी गाडी मेली. शनिवारी मोबाईलवाली पोरं आली, पाटी वाचली, माझ्या नावाने काहीबाही पुटपुटली आणि गेली ती पुन्हा फिरकली नाहीत. मी मजेत होते. कात्री काउंटरवर, गाड्या हुकांवर, आणि दुपारी शाळा सुटायची होती.

हे गृहस्थ मात्र गेले नाहीत. त्या दिवशीच्या मालात एक छोटी निळी गाडी होती, जुन्या धाटणीची, गोल दिव्यांची. ती येणार येणार म्हणून ते केव्हापासून माझं डोकं खात होते. त्यांनी ती हुकावरून काढली, कोपरे पाहिले. चारही शाबूत. मग ती काउंटरवर ठेवली, पण हात काढेनात.

"वहिनी, ही एक नका कापू."

"मग परत अडकवा. मुलं येतीलच."

"अहो, कापली तर मग काय राहिलं तिच्यात?"

"गाडी राहील."

"एम नाही हो वहिनी, तसं नसतं. उघडायची नसते ती."

मी कात्री उचलली. माझ्याही अंगात आलं होतं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता परत अडकवतील आणि जातील, आणि ह्या माणसाच्या तावडीतून माझं दुकान सुटेल. पण त्यांनी हात काढला, माझ्याकडे पाठ केली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं, आणि इंजेक्शन घेणाऱ्या माणसासारखे म्हणाले, "कापा."

मी कापलं. आवाजासरशी त्यांचे खांदे वर गेले. निळी गाडी त्यांनी रुमालात गुंडाळली, पुठ्ठ्याचे दोन तुकडे शर्टाच्या खिशात ठेवले आणि गेले. मी आठवडाभर ही गोष्ट साभिनय करून दाखवत होते. सेवउसळवाल्याला तर दोनदा.

वाटलं होतं, आता येणार नाहीत. पुढच्या शनिवारी हजर! पण खोक्यात डोकं घालणं बंद. विकणारे गेल्यामुळे हुकांवर भरपूर गाड्या असायच्या, त्यातली एकच घ्यायचे. आणि विनोद म्हणजे अजूनही "कोपरा बघू ने." कोपरे बघायचे, मग कॅलेंडरकडे वळायचे, आणि "कापा."

"जे कापायचंय त्याचा कोपरा कशाला बघता?" मी एकदा विचारलं.

"सवय," कॅलेंडरला उत्तर मिळालं.

हळूहळू मागण्या बदलल्या. कापून झाल्यावर वळायचे आणि विचारायचे, "चाकं फिरतात ने बरोबर? ही सरळ पळेल ने?" एकदा मी लाल दिली तर म्हणाले, "लाल नको. हिरवी सांगितलीय."

"कुणी?"

पुन्हा कॅलेंडर.

मी काय समजायचं ते समजले. म्हटलं, ह्यांनीही आता धंदा सुरू केला. सुट्या गाड्या कुणाला तरी पुरवत असतील. पणजोबा सरकारवाड्यात आणि पणतू दलाल. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले.

मग ह्या उन्हाळ्यात एका शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. सेवउसळवाल्यानेच सांगितलं, "बेन, ते गेले. बसल्या बसल्या. छातीत दुखलं म्हणे." मी "अरेरे" म्हणाले आणि एका मुलाला पट्टी दाखवायला लागले. खरं सांगते, फार काही वाटलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची बायको दुकानात आली. हातात पिशवी, पिशवीत पोळ्यांचा डबा. मी स्टूल दिलं. ती म्हणाली, "सुरतेहून एक माणूस आला होता. भिंतीवरचं सगळं घेऊन गेला. भिंतीवर नुसत्या रंगाच्या चौकटी राहिल्यात. हे तेवढं नको म्हणाला. उघडलेलं चालत नाही म्हणे. म्हटलं, तुमच्याकडे मुलं येतात ने."

तिने डबा उघडला. आत मी कापलेल्या गाड्या. पण मी कापल्या तेव्हाच्या त्या नव्हत्या. रंग कडांना उडालेला, टपांना पोचे, हिरवीचा एक दिवा गेलेला. मी निळी उचलून उलटी केली. खेळून झालेल्या गाड्या मी आयुष्यभर पाहत आलेय. फरशीवर पळाली की गाडीच्या चाकांमधल्या दांडीला घरातले केस गुंडाळले जातात. हिच्याही दांडीला गच्च केस होते. लांब. काही काळे, बरेचसे पांढरे.

मी तिच्या वेणीकडे पाहिलं.

"माझेच," ती म्हणाली. "देवापाशी दिवा लावला की बसायचो आम्ही. ते स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी, मी बाहेरच्या दाराशी. ते तिकडून सोडायचे, मी इकडून. माझी सरळ जायची, त्यांची सदा भिंतीला." ती थोडी हसली. "पहिल्या दिवशी ही निळी घेऊन आले. फार उतरलेला चेहरा. म्हणाले, ही आता बिघडलीच आहे, तुला हवी तर घे हातात."

मी विचारलं, "मग भिंतीवरच्या का नाही उघडल्या?"

"मी म्हटलं होतं ने. एकदा कात्री घेतलीही त्यांनी. पाकिटाला टेकवली आणि ठेवून दिली. म्हणाले, मी दर शनिवारी दुकानातून एक कापून आणीन. त्या वहिनींना काही वाटत नाही."

त्या वहिनींना काही वाटत नाही. असं म्हणायचे हो माझ्याबद्दल. मला त्यांचा पुन्हा एकदा सणसणून राग आला, आणि त्याच वेळी डोळे असे भरून आले की मी गाडीची चाकं बघण्याचं नाटक केलं. आताही सांगते, माणूस फालतूच. भिंतीभर गाड्या, शेजारी जिवंत बायको, आणि तिला हातात एक गाडी द्यायला ह्याला माझी कात्री लागली.

"चालतील ने मुलांना?" तिने विचारलं.

"चालतील की." मी पिन घेतली, दांडीचे केस काढायला. मग पिन ठेवून दिली. निळी गाडी काउंटरच्या काचेवर ठेवली आणि बोटाने जरा ढकलली. केसांमुळे ती अडखळत, वाकडी वाकडी गेली आणि तिच्या हाताला लागून थांबली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग गाडीचं तोंड वळवलं आणि परत पाठवली. सरळ. खरंच सरळ यायची तिची. मी पुन्हा ढकलली. तिने पुन्हा. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक.

"फुलस्केप मळशे?" पायरीवरून एका गिऱ्हाइकाने विचारलं.

आम्ही दोघींनी चोरी पकडल्यासारखे झटकन हात मागे घेतले. गाडी मात्र तिच्या हातून सुटलेली होती. ती माझ्या बाजूला, काउंटरच्या कडेकडे येत राहिली.

"अहो, धरा ने!" ती ओरडली.

मी दोन्ही हातांनी धरली.